कांद्यांचे आर्किटेक्ट

टिपणीस साहेब आमच्या म्हशीला पहिल्यांदा भेटले तेव्हा तिला म्हणाले, "आपल्याला कूस बदलायला साधारण किती जागा लागते?"

म्हशीनं शेपटी हलवली. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

मी तिथंच वैरण टाकत होतो. म्हटलं, "साहेब, ती म्हैस आहे."

"ते दिसतंय, अण्णा. पण गोठ्यात राहणार त्या ना? राहणाऱ्याला विचारलं का कधी?"

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीची मला गरज पडली नाही. पण म्हशीला 'आपण' म्हणायचं हे कुठल्या इयत्तेत शिकवतात, हे मी आजतागायत शोधतो आहे.

टिपणीस साहेब म्हणजे आमचे भाडेकरू. नाशकात मखमलाबाद रस्त्याला आमचा मळा आहे. शेवंती, झेंडू, थोडा भाजीपाला आणि उन्हाळी कांदा. विहिरीजवळच्या दोन खोल्या पोरं मुंबईला गेल्यापासून रिकाम्या होत्या, त्या मी साहेबांना दिल्या. ते आले तेव्हा सामानात एक ट्रंक, एक सायकल आणि नकाशे काढायचा दाराएवढा एक लाकडी फळा होता. फळा आत जाईना. साहेबांनी दार मोजलं, फळा मोजला, मला सांगितलं की दार बांधणाऱ्यानं विचार केलेला नाही. दार मी बांधलं होतं.

माणूस आर्किटेक्ट. नाशकातल्याच एका मोठ्या ऑफिसात बावीस वर्षं नोकरी केलेली. मग नाशकात कॉम्प्युटर शिरले. साहेब हातानं रेघ मारणारे. एक दिवस मालकानं त्यांना शाल दिली, नारळ दिला, चार शब्द चांगले बोलला आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला. त्यांच्या फळ्याच्या जागी मशीन ठेवलं. साहेब सांगायचे, "शाल चांगली होती हो, अण्णा. पण मे महिना होता."

आता एवढं झाल्यावर माणूस काहीतरी दुसरं बघतो. साहेब बघेनात. "रेघ मारीन तर घराचीच मारीन," म्हणायचे. रोज सायकल काढायची, एखाद्या ऑफिसात जायचं, "कॉम्प्युटर येतो का" ऐकायचं आणि माघारी यायचं. माघारी आले की विहिरीच्या कठड्यावर बसून बुटांची धूळ पुसायचे. फार वेळ पुसायचे.

एका ओळखीच्या माणसानं त्यांना फरशीच्या दुकानात लावून दिलं. साहेब तिथं तीन दिवस टिकले. गिऱ्हाईक आलं की विचारायचे, "जुन्या फरशीचा काय त्रास आहे?" गिऱ्हाईक विचारात पडायचं आणि घरी जायचं. चौथ्या दिवशी दुकानदारानंच साहेबांना घरी पाठवलं. या वेळी शालसुद्धा नाही.

लग्नाचंही तसंच. आमच्या मंडळींनी एकदा सरळ विचारलं, "साहेब, लग्न का नाय केलं?"

"ठरत आलं होतं, वहिनी. सगळी बोलणी झाली. मी म्हटलं, मुलीला विचारलं का? कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मीच जाऊन विचारलं."

"मग?"

"नको म्हणाली."

मंडळी चुलीकडे तोंड करून हसली, आणि त्या दिवसापासून साहेबांच्या ताटात एक भाकरी जास्त पडायला लागली.

काम मिळेना, हात गप्प राहीनात. मग साहेबांनी आमच्या मळ्यावर मोर्चा वळवला. दोन दुपारी कोंबड्यांच्या खुराड्यापुढे पाट टाकून बसले. संध्याकाळी वही दाखवली. 'रहिवाशांच्या तक्रारी' असं वर लिहून खाली एकच तक्रार होती: कोंबडा.

इथवर मी सोसलं. पण मग ते कांद्याच्या चाळीत शिरले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळी कांदा काढला की बांबूच्या कुडाच्या लांबट खोपटात दिवाळीपर्यंत भरून ठेवतात, त्याला चाळ म्हणतात. माझी चाळ माझ्या बापानं जिथं बांधली तिथंच, तशीच होती. दरसाल कांदा सडायचा. माझ्या बापाचाही सडायचा. आमच्यात ते धरून चालतात.

भाद्रपदातली गोष्ट. दुपारी मंडळी धावत आली. "अहो, साहेब चाळीत पडलेत!"

मी पळालो. बघतो तर साहेब कांद्यांवर उताणे निजलेले, हात छातीवर, डोळे मिटलेले. हाक मारली तर एक डोळा उघडला.

"हळू बोला, अण्णा. कसं वाटतं ते बघतोय."

"कुणाला?"

"यांना. त्या टोकाला बरं आहे. इथं मात्र जीव घुसमटतो. खालून दमटपणा येतो, पाठ ओली झाली बघा."

"भाईर या ना साहेब," मंडळी म्हणाली, "अंगाला लय वास लागंल."

"वहिनी, हे चार महिने इथं आहेत. माझा तासभरच झालाय."

मग बाहेर येऊन त्यांनी उदबत्ती मागितली. मला वाटलं, आता आरती करतात. तर उदबत्ती धरून मळाभर फिरले, धूर कुठं वळतो ते बघत. शेवटी म्हणाले, चाळ चुकीच्या अंगाला तोंड करून बसली आहे. ती फिरवून वाऱ्याच्या वाटेत आडवी घ्या, जमिनीपासून गुडघाभर उचला, खालून हवा खेळू द्या.

मी म्हटलं, "कांदा मी लहानपणापासून करतो. तुम्ही कांदा चिरलाय तरी का कधी?"

"नाही."

"मग?"

"मी घरं बांधतो, अण्णा. हे घर वाईट आहे."

माझ्या बापाच्या चाळीला वाईट म्हणणारा माणूस पहिलाच. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी मंडळीनं सडका कांदा पाटीत भरून माझ्या पुढ्यात आणून ओतला. म्हणाली, "मामंजी देवमाणूस होते. पण हे नाकानं हुंगा एकदा."

फाल्गुनात नवी चाळ बांधली. साहेबांनी नकाशा काढला, तो मी जपून ठेवला आहे. कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात माझं नाव आणि त्याखाली: 'रहिवासी: कांदे, उन्हाळी.' गवंड्याला त्यांनी तो पाच वेळा वाचून दाखवला. गवंडी माझ्याकडे बघायचा, मी आभाळाकडे.

आणि दिवाळीत चाळ फोडली तर सड निघाली एक पाटीभर. एवढीच. मी दोनदा हात घालून बघितलं. साहेबांना मी काही बोललो नाही. मंडळी बोलली, मला ऐकू जाईल असं.

त्याच सुमारास कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसातून साहेबांना मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. "अण्णा, अलीकडं केलेलं काम दाखवा म्हणतात. तुम्ही याल का?"

"मी कशाला?"

"मालक म्हणून. आणि चार कांदे घ्या."

मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली. ऑफिसात गारवा होता, काचेचं टेबल होतं, पलीकडे एक मॅडम बसलेल्या. मागं चार पोरं मशीनवर.

मॅडम म्हणाल्या, "शेवटचा प्रोजेक्ट?"

साहेबांनी नकाशा उलगडला, तो परत गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले. मागच्या पोरांतलं एक फिस्सकन हसलं. मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्यानं मशीनमध्ये तोंड घातलं.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

"कांद्याची चाळ. आणि हे तिथले रहिवासी. वैशाखात राहायला गेले होते."

मॅडमनी एक कांदा उचलला, दाबला, नाकाशी नेला. "वैशाखातला? इतका कडक?"

साहेब नकाशाची कड बोटानं सरळ करत राहिले. मग मी बोललो. म्हटलं, "बाई, हा माणूस जुन्या चाळीत उताणा निजून बघत होता, कांद्याला कसं होतं ते. तासभर."

"पाऊण तास," साहेब म्हणाले.

"तासभर! त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होता."

मॅडम बराच वेळ कांदा फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "मी इतकी घरं बांधली, एकातही निजून पाहिलं नाही." मागं हात केला. "मशीनवाले चार आहेत माझ्याकडे. लोकांकडे जाऊन विचारणारा नाही. एक तारखेपासून या. मागं एक खोली आहे, तिथंच राहा, सकाळी लवकर साइटवर जावं लागतं." कांदा त्यांनी परत दिला नाही.

घरी येताना रिक्षात साहेब बूट पुसत बसले. मला वाटलं, आनंदानं. मंडळीनं साखर हातावर ठेवली, ती तशीच मुठीत राहिली.

दिवेलागणीला मी खोलीवर गेलो. ट्रंक उघडी होती, आत काही नव्हतं. साहेब खाटेवर बसलेले.

"आवराआवर चाललीय?"

"हो, हो. खोली बघितली ना मघाशी. चांगली आहे. उजेड आहे." मग ट्रंकेकडे बघत म्हणाले, "तुम्ही पहाटे पाचला खाकरता, अण्णा. मला त्यानं जाग येते."

"गजराचं घड्याळ मिळतं की."

"हो. ते घेईन."

मी उंबऱ्यापर्यंत आलो. राहा म्हणायची आमच्यात पद्धत नाही. पोरं मुंबईला निघाली तेव्हाही मी एसटीचा नंबर नीट बघा, एवढंच म्हणालो होतो. मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिलो, आणि तोंडातून निघालं, "दोन शेळ्या घ्यायचं चाललंय."

साहेबांनी मान वर केली. हात आपोआप खिशातल्या वहीकडे गेला.

"कधी येणार आहेत त्या?"

"शनिवारी."

फुलांच्या मळ्यात शेळ्या पाळणारा मूर्ख अख्ख्या मखमलाबादेत नव्हता. मला शेळीचा वाससुद्धा सोसत नाही. शनिवारी पहिल्या एसटीनं घोटीच्या बाजाराला गेलो, दोन शेळ्या घेतल्या आणि टेम्पोत त्यांच्या शेजारी बसून परत आलो. वाटेत एकीनं माझी टोपी खाल्ली.

साहेब फाटकाशी टेप घेऊन उभे होते. मॅडमना कळवलं होतं म्हणाले, इथं काम निघालंय, सायकलनंच ये-जा करीन. मग त्यांनी पुढं होऊन दोघींना वाकून नमस्कार केला.