गोणपाटातलं गाव

आमच्या मळ्याच्या वस्तीतला गेनूतात्या दरवर्षी जूनमध्ये मला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. मला एकट्याला नव्हे. माझी बायको, माझे आप्पा, शेजारचा भिका, भिकाची सासू, सगळ्यांनाच.

त्याचं असं झालं. महाळुंगे पडवळच्या बाजूला सोयाबीन तेव्हा नवं होतं. कृषी सहायकानं पारावर बसून शिकवलं, की पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा आणि चार-पाच दिवसांनी मोड मोजा. सत्तर उगवले तरी बियाणं झकास. सगळ्यांनी माना हलवल्या आणि विसरून गेले. तात्यानं मात्र एकेका दाण्याला एकेका माणसाचं नाव दिलं. विहिरीपासून घरं धरत यायचं, लहानथोर मिळून चौऱ्याण्णव माणसं भरायची. उरलेल्या सहा जागी बैल.

"तात्या, हा काय खुळेपणा?" मी विचारलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मला विचारावंच लागतं.

"मास्तर, बी जित्तं असतंय. जित्त्याला नाव नको व्हय?"

पहिल्याच वर्षी त्याच्या बायकोचा, कोंडाबाईचा, दाणा उगवला नाही. तात्यानं हसत हसत ते तिला सांगितलं. ती काही हसली नाही. धसका घेतला, अन्न तुटलं आणि पोळ्याच्या आत ती गेली. पोरबाळ नव्हतं. तात्या एकटा उरला.

तेव्हापासून मळ्याची थट्टा बंद झाली. गोणपाट भिजलं की माणसं निमित्त काढून तात्याच्या पडवीत यायची. कुणी तंबाखूला, कुणी दोरखंड मागायला. बोलायची पावसाबद्दल, बघायची कोपऱ्यातल्या त्या ओल्या वळकटीकडे. तात्या तिला कान लावून बसायचा आणि मधेच म्हणायचा, "तिसऱ्या वळीत कुणीतरी कूस बदलली." भरदिवसा अंगावर काटा यायचा हो! एकदा म्हणाला, "भिक्याचा मोड वाकडा आलाय." आठ दिवसांत भिका मोटारसायकलवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. आता भिका तसा महिन्यातून दोनदा पडतोच, ते सोडा.

"समदं गाव उठल्याबिगर पेरायचं न्हाई," हा तात्याचा कायदा. आणि गंमत म्हणजे तो फळायचा. मृगाच्या पहिल्या सरीवर घाईनं पेरणाऱ्यांचं बी तापल्या मातीत वाया जायचं. तात्याचे शंभर पुरे होईपर्यंत दोन-तीन चांगले पाऊस पडून गेलेले असायचे. ओल वीतभर खाली उतरलेली, वर वाफसा आलेला. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, खाली टाकला तर फुटावा. त्या पहिल्या वर्षानंतर तात्याचे दरवर्षी शंभरच्या शंभर उगवायचे. कृषी सहायक नुसता डोकं खाजवायचा. हळूहळू अख्खा मळा तात्याच्या हाकेवरच पेरायला लागला.

एका वर्षी आप्पांना छातीच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नेलं. धाकटा भाऊ त्यांच्यापाशी थांबला, मी पेरणीसाठी परत आलो. वाफसा आला होता आणि भीमाशंकराकडून ढग चढत होते. एकदा का झड लागली की पंधरा दिवस रानात पाय घालायची सोय नाही, सोयाबीनचा हंगाम गेलाच. तरी तात्या हाक देईना. सहाव्या दिवशी लोक त्याला शिव्या घालायला लागले. भर दुपारी मी त्याच्याकडे गेलो. तात्या डाव्या हाताची मूठ उजव्या काखेत दाबून, डोळे मिटून बसला होता.

"काय धरलंय?"

"तुझा बाप." त्यानं मुठीतलं ओलं फडकं उघडलं. आत एक दाणा होता, बिनमोडाचा. "लई गारठलाय. ऊब देतोय."

हसावं की पळून जावं कळेना. मी, विज्ञानाचा मास्तर, तिथंच त्याच्यापुढं बसलो आणि म्हणालो, "तात्या, जरा घट्ट दाबा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं हाक दिली, "आप्पा उठलं रं! पेरा!" मळ्यातल्या सगळ्या पाभरी एकदम निघाल्या. महिन्याभरानं आप्पाही घरी आले, आल्या आल्या माझ्या पेरणीला नावं ठेवायला लागले.

पुढच्या जूनमध्ये मी आपणहून तात्याबरोबर दाणे मांडायला बसलो. तिथं पाटीखाली दुसरं गोणपाट दिसलं, दोन-तीन दिवस आधीच भिजवलेलं. त्यात बिननावाचे, मोड आलेले दाणे. मी तात्याकडे बघितलं.

"आधी ऊब देऊन बघतो," तो म्हणाला. "न्हाईच उठला तर ह्यातला ठिवतो. तुझ्या बापाचाबी बदलला. जगला का न्हाई?"

"मग हे सोंग कशाला, तात्या?"

"एकदा खरं सांगितलं व्हतं, मास्तर."

मी पुढचा दाणा उचलला. शंभर मांडून झाले होते. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. "तुमचा दाणा कुठला?"

"माझा कशाला?"

"बैलांना जागा आहे आणि तुम्हाला नाही?"

"आमचं उठलं न्हाई म्हणून कुणाचा घास अडणाराय?"

असा राग आला मला! म्हाताऱ्याचा, माझा, अख्ख्या मळ्याचा. शेवटच्या ओळीतला एक बैल उचलला, त्या जागी नवा दाणा ठेवला आणि म्हणालो, "हे गेनूतात्या."

पाचव्या दिवशी सकाळी तो विहिरीवर गेलेला बघून मी पडवीत शिरलो आणि गोणपाट उलगडलं. तात्याचा दाणा काळा पडून बुळबुळीत झाला होता. घरून मोड आलेला दाणा मी खिशात घालूनच गेलो होतो. तो तिथं ठेवला, काळा खिशात टाकला, आणि तात्या दारात दिसताच ओरडलो, "तात्या, तुमचा उठला!"

तो वाकला. बोटानं मोड चाचपला.

"बदललास ना?"

मी मान खाली घातली. वाटलं, आता हसेल. वर बघितलं तर म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते.

"कोंडीला मी असंच वरडून सांगायला पायजे व्हतं रं," तो म्हणाला.