बोटीतलं अर्धं केळं

“कोलोरॅडो नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, ज्याच्या नजरेतून खेकडासुद्धा तिरका निसटत नाही, असा माणूस एकच! त्याचं मस्तक म्हणजे धरण, बुद्धी म्हणजे त्यात अडवलेलं पाणी, आणि गुन्हेगार म्हणजे... म्हणजे मासे. लक्षात राहील ना, पोरी? मी गेल्यावर लोकांना सांगावं लागेल.”

“राहील, काका,” मी म्हणाले. माझ्या एका हातात रेन होती, माझी दीड वर्षांची मुलगी, आणि दुसरा हात तिच्या तोंडातून बोटीचा एक नट बाहेर काढण्यात गुंतला होता.

हे आमचे व्हर्जिलकाका, माझ्या नवऱ्याचे सख्खे चुलते. निवृत्तीपूर्वी गोल्फच्या मैदानावर हरवलेले चेंडू शोधायचे. त्या अनुभवावर त्यांनी स्वतःला गुप्तहेर नेमलं आणि मला सहायक. त्यांचा सर्वांत गाजलेला तपास म्हणजे शेजारच्या हॉयटच्या हरवलेल्या कुत्र्याचा. सकाळभर कुत्र्याचा शोध चालला होता आणि सकाळभर तो कुत्रा काकांच्या मागून चालत होता. शेवटी थकून खाली बसला, म्हणून काका त्याच्यावर अडखळून पडले. ‘सापडला!’ असं ते पडता पडता ओरडले, हे मात्र मान्य करायला हवं.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले. आज त्याचा उपयोग एवढाच, की रेनला कुठल्या क्षणी काय होऊ शकतं याची शक्यता मला टक्क्यांत सांगता येते. रेन जन्मल्यापासून माझा रक्तदाब खाली उतरलेला नाही. माझं लक्ष सगळीकडे असतं: विंचू, खड्डे, बोटीच्या गळाची टोकं, द्राक्षं. त्यामुळे सहायक म्हणून मी वाईट नाही. गुप्तहेर जरा बरा मिळायला हवा होता, एवढंच.

नोव्हेंबरात आमच्या तळ्यावर बास माशांची शेवटची मोठी स्पर्धा होते. दोन दिवस, एका बोटीत दोघं, रोजचे पाच मासे. मासे जिवंत आणून काट्यावर ठेवायचे, मग परत पाण्यात सोडायचे. मेला मासा तर वजन कापतात. जिंकणाऱ्याला खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवतात, कारण मासेमाराच्या शब्दावर वाळवंटात देवसुद्धा विश्वास ठेवत नाही.

आमच्या बोटीत माझा नवरा डाल्टन आणि माझ्या सासूबाई नडीन. बोट माझ्या कैलासवासी सासऱ्यांची. ती चालवायला पेट्रोल लागतं, दुरुस्त करायला रविवार लागतात, आणि रेनला ताप आला त्या रात्री डाल्टन बोटीच्या इंजिनाखाली झोपला होता. त्यानंतर तो आपणहून म्हणाला, “जॉस, यंदा पहिल्या दहांत आलो नाही, तर बोट विकून टाकतो.” मी तसं मागितलं नव्हतं. पण ‘नको’ असंही म्हटलं नव्हतं.

शनिवारी, पहिल्या दिवशी, दोघांनी मिळून एक मासा आणला. एक! तोही असा, की काट्यावर ठेवताना काट्याला संकोच झाला. घरी आल्यावर सासूबाई बोटीच्या सामानाची पेटी आवरायला गेल्या आणि अंगणातून जी किंकाळी आली, ती ऐकून शेजारच्या डोंगरावरची रानगाढवं उलट ओरडली.

जीवरक्षक जाकिटांच्या खाली अर्धं केळं होतं. सालीसकट.

आता, बोटीवर केळं चालत नाही. का, ते कोणी विचारत नाही. आमच्याकडे केळ्याचं चित्र असलेला शर्ट घातलेल्या पाहुण्याला धक्क्यावर शर्ट उतरवायला लावतात. सासूबाई तर मोसम सुरू झाला की घरातही केळं येऊ देत नाहीत. रेनच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला रोज केळं द्या. मी दोनदा विषय काढला, आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी मला उकडलेलं रताळं दिलं.

“घातपात!” काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते. “वहिनी, कोणी काही हलवू नका. गुन्ह्याची जागा मला तशीच हवी.” आणि ते पेटीत चढून बसले.

पहिला संशय हॉयटवर. हा गेल्या वर्षी आमच्या एक नंबर पुढे आलेला. काका त्याच्या कुंपणावरून डोकावले.

“हॉयट! केळं म्हटलं की तुला काय आठवतं?”

“तू,” हॉयट म्हणाला.

“का?”

“वाकडं आहे, पिवळं पडलंय, आणि कोणी बोलावलेलं नसतं.”

काका परत आले. “घाबरलाय,” मला म्हणाले. “पण माणूस तो नव्हे. त्याचं तोंड बघितलंस? त्याचे पुढचे दोन दात नाहीत. केळ्याचा चावा बघ, अखंड.”

“केळ्याला दात कशाला लागतात, काका?”

“हाच प्रश्न गुन्हेगाराला पडावा, ही माझी अपेक्षा आहे.”

दुसरा सिद्धान्त रानगाढवाचा. बोटीच्या गाडीजवळ खुराचा ठसा होता. रानगाढवं आमच्या गावात हिंडतातच. टपालपेट्या चाटतात, टोप्या खातात. काकांच्या मते हॉयटनं एका गाढवाला शिकवून पाठवलं होतं. “अर्धं खायचं, अर्धं पेरायचं. भाडोत्री गाढव!”

“गाढवानं पेटीची कडी लावली मग?” सासूबाईंनी विचारलं.

“वहिनी, शिकवणारा हुशार असला की...”

“मग तुझ्या भावानं तुला का नाही शिकवलं?”

काकांनी पोटरी चोळत चोळत रात्रीचं जेवण केलं. त्यांच्या पायात गोळे येतात. विचार केला की जास्त येतात, असं ते म्हणतात, पण मग ते कधी यायलाच नकोत.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही सगळे धक्क्यावर होतो. तळ्यावरून वाफ निघत होती, रात्रभर वाळवंट गारठलेलं. डाल्टन त्याच्या मोठ्या जाकिटात होता, ज्याला पाठीवरही एक खिसा आहे. सासूबाई बोटीच्या प्रत्येक कप्प्यात मीठ टाकत होत्या. सगळ्यांच्या हातात हिरव्या मिरचीचे बरीटो होते, पोळीत गुंडाळलेले. तेवढ्यात काकांनी आपल्या कॉफीच्या थर्मासवर चमचा वाजवला.

“मंडळी! गुन्हेगार आपल्यातच उभा आहे.”

हॉयटही आपली बोट सोडून बघायला आला. फुकटात काही दाखवलं तर तो कधी सोडत नाही.

“तीन प्रश्न,” काका म्हणाले. “पहिला: या घरात केळ्याचं नाव कोणी काढलं? दोनदा? दुसरा: पेटी कुठे, कडी कुठे, हे सगळं कोणाला ठाऊक असतं? कोणाचं लक्ष सगळीकडे असतं? आणि तिसरा: बोट हरली, तर बोट विकली जाणार. बोट विकली जावी, असं कोणाला वाटतं?”

माझ्या हातातला बरीटो थांबला.

“काका, काहीतरीच काय!” डाल्टन म्हणाला.

“शास्त्र आहे हे! पोरी, हात पुढे कर.” त्यांनी पिशवीतून आपलं रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला. स्पर्धेचं खोटं पकडणारं यंत्र महागडं असतं, हे त्याच्याच मावशीचं पोर, असं त्यांचं म्हणणं. “बोल. बोटीत केळं तू ठेवलंस?”

“नाही!”

यंत्र फुगलं, कण्हलं, आणि आकडा इतका वर गेला की हॉयटनं शीळ घातली.

“खोटं!” काका म्हणाले.

“अहो, माझा एवढा असतोच! रेन त्या दोरीजवळ गेली आहे, कोणीतरी तिला धरा ना!”

सासूबाईंचं मीठ टाकणं थांबलं. त्या नुसत्या बघत होत्या, आणि ते किंकाळीपेक्षा वाईट होतं. डाल्टन जवळ आला. हळूच म्हणाला, “केळ्याचं जाऊ दे. पण जॉस, तुला खरंच बोट नको आहे का?”

मी तोंड उघडलं. सरळ उत्तर होतं, पण ते मला सापडेना. तापाची रात्र आठवली. मग हेही आठवलं, की रेन पहिल्यांदा उभी राहिली ती याच बोटीच्या कडेला धरून. कोणत्या आठवणीला किती टक्के द्यायचे, ते कॉलेजात शिकवलं नव्हतं.

आणि तेवढ्यात रेन दोरी सोडून तुरुतुरु निघाली. ती थेट काकांकडे गेली, त्यांच्या जाकिटाच्या डाव्या खिशाखाली उभी राहिली, मान वर केली, आणि पिल्लानं घरट्यात उघडावं तसं तोंड उघडून थांबली.

कोणी हललं नाही. तीसुद्धा नाही. सवयीचं काम होतं ते.

“व्हर्जिल,” सासूबाई म्हणाल्या. इतर वेळी त्या ‘भावजी’ म्हणतात. “खिसा उलटा कर.”

“वहिनी, तपास चालू असताना तपास अधिकाऱ्याच्या...”

“उलटा!”

खिशातून एक पिकलेलं केळं निघालं. रेननं टाळ्या वाजवल्या.

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरांचं बोलणं काकांनी दाराआडून ऐकलं होतं, आणि रोज दुपारी ते रेनला मोटारीच्या शेडमागे नेऊन केळं भरवत होते. पोरीबरोबर स्वतःही एक खात होते, पायातल्या गोळ्यांवर उतारा म्हणून. शुक्रवारी रात्री ‘घातपात होऊ नये म्हणून’ ते बोटीत पहाऱ्याला झोपले. पोटरीत गोळा आला. केळं काढलं, अर्धं खाल्लं, तोच अंधारात एक गाढव फुरफुरलं. हॉयट आला असं समजून काकांनी उरलेला पुरावा जाकिटांखाली दडपला, आणि सकाळी विसरले.

“म्हणजे मीच बोटीचं रक्षण करत होतो,” काका म्हणाले. “मुद्दा तोच राहतो.”

“आणि मला गाढव समजलास?” हॉयट म्हणाला.

“उलट. गाढवाला तू समजलो.”

सासूबाई वल्हं घेऊन धावल्या. काका धक्क्याभोवती पळाले, गोळा वगैरे सगळं विसरून. डाल्टन मध्ये पडला, काकांनी त्याच्या पाठीआड आसरा घेतला, भोंगा वाजला, आणि स्पर्धेच्या बोटी तळ्यात सुटल्या. वल्हं, सासूबाई आणि डाल्टन, सगळं एकदमच बोटीत पडलं. माझं उत्तर तसंच धक्क्यावर राहिलं.

त्या गेल्यावर मला काहीतरी टोचू लागलं. सकाळी काकांचे दोन्ही खिसे फुगलेले होते. सासूबाईंनी एकच उलटा करायला लावला. आता दोन्ही सपाट होते.

“काका, दुसरं केळं कुठे आहे?”

“कुठलं दुसरं?”

“एक रेनचं, एक तुमचं. रोजचा हिशोब तुम्हीच सांगितलात.”

काका आकाशाकडे बघू लागले. “पुरावा सुरक्षित जागी हलवला आहे. गडबडीत जी जागा सर्वांत जवळ होती तिथे.”

“सर्वांत जवळ तर डाल्टनची पाठ...”

आम्ही दोघांनी तळ्याकडे पाहिलं. तिथे कुठेतरी, मीठ शिंपडलेल्या बोटीत, माझा नवरा पाठीवर एक अख्खं केळं घेऊन मासे धरत होता. अर्ध्या केळ्यानं काल एक मासा दिला होता. मी संख्याशास्त्र शिकलेली बाई; तरीही मनात भागाकार केलाच. उत्तर अर्धा मासा आलं. मग आम्ही दोघं वाळूत बसून राहिलो आणि रेन माझ्या बुटात दगड भरत राहिली.

वारा नव्हता. काल मात्र इतका होता, की अर्ध्या बोटी रिकाम्या परत आल्या होत्या. हे मला काट्यावरच्या माणसानं सांगितलं, दुपारी, सहज, नाक शिंकरता शिंकरता. “काल कोणालाच काही मिळालं नाही हो. वारा होता ना!”

म्हणजे आमचा एक मासाही तसा चांगलाच होता!

आणि मग आमची बोट आली. सासूबाई पुढे उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा असा होता की नवसाला देव नुसता पावला नाही, जेवायला थांबलाय. पाच मासे! थोराड, हिरवेगार, जबडे वाजवणारे. डाल्टननं ते पाण्याच्या पिशवीत भरले आणि रांगेत उभा राहिला. पिशवीत मासे फार वेळ तग धरत नाहीत. त्याचा नंबर आलाच होता. संध्याकाळचा गारवा, म्हणून त्यानं जाकीट घातलं होतं, आणि पाठीवर कुबड आलं होतं. वाकडं.

सासूबाई त्याच्या मागेच होत्या. बोटाएवढ्या अंतरावर. त्यांना ते दिसलं असतं तर किंकाळी, किंकाळीनं पिशवी खाली, पिशवी खाली तर मासे खलास, आणि वजनात कपात. शक्यता शंभर टक्के.

मी रेनला काकांच्या हातात कोंबलं, धावले, आणि नवऱ्याला मागून घट्ट मिठी मारली. आमच्या गावात चारचौघांत एवढी मिठी कोणी मारत नाही. हॉयटनं टोपी काढली. खिशाची चेन उघडली, केळं माझ्या बाहीत आलं, आणि मी ट्रकच्या मागे जाऊन ते सोललं. दोन घास मी, एक घास माझ्या मागोमाग काकांना ओढत आलेल्या रेनला, राहिलेलं सगळं एकदम मी. काकांची नजर हॉयटवर रोखलेली होती, तेवढ्यात साल त्यांच्या खिशात.

परत रांगेत आले तेव्हा डाल्टन पायरीवर होता. “सकाळी तू उत्तर दिलं नाहीस,” तो म्हणाला.

माझं तोंड गच्च भरलेलं. मी दोन्ही हातांनी त्याला काट्याकडे ढकललं. जोरात. त्याला काय समजायचं ते समजलं असावं, कारण तो हसत हसत वर गेला.

“काय खातेस गं?” सासूबाईंनी विचारलं.

“बईटो, आई.”

आम्ही दहावे आलो. अकरावा हॉयट. सासूबाईंनी धक्क्यावरच्या प्रत्येकाला सांगितलं, की केळं सापडून बाहेर पडलं तेव्हाच बोट मोकळी झाली. डाल्टननं बोटीवरून असा हात फिरवला, की मला वाटलं, हिला झोपवतोय. मीही एक हात फिरवला. कडेचा तो भाग, जिथे रेन उभी राहिली होती.

जरा वेळानं काका माझ्याजवळ सरकले. त्यांच्या हातात यंत्र होतं. खिशातली साल त्यांना सापडली होती, पण सकाळी दडवलेलं केळं ते नेहमीप्रमाणे विसरले होते, आणि साल तिथे कशी आली, हे त्यांना उलगडत नव्हतं.

“सहायक, दंड पुढे कर. आज सबंध दिवस या स्पर्धेच्या बोटीत केळं होतं का?”

“नाही, काका.”

यंत्र फुगलं, थांबलं, हलकेच सुस्कारलं. एकशे वीस आणि ऐंशी. रेन जन्मल्यापासून पहिल्यांदाच.

“खरं बोलतेस,” काका म्हणाले आणि साल उजेडात धरून पाहू लागले. “म्हणजे गाढवच!”