आकारामरावांची हॉटेल-चौकशी

तेजस्वीला बारावीत अठ्ठ्याऐंशी टक्के पडले, तेव्हा आकाराम चौगल्यांनी शिवाजी पेठेतल्या अर्ध्या गल्लीत पेढे वाटले होते. त्याच तेजस्वीनं हॉटेल मॅनेजमेंटचा फॉर्म आणून पुढं ठेवला, तेव्हा त्यांना ते पेढे परत मागावेसे वाटले.

"पालकांची सही इथं करायची," ती म्हणाली. "उद्या शेवटची तारीख हाय, आबा."

"आनी सही केल्यावर तू काय करणार? लोकांच्या बॅगा उचलणार? खरकट्या बशा काढणार?"

"त्यात लई शिकायला असतंय, आबा."

"चौगल्यांच्या घरात आजवर कुणी कुणाकडनं टीप घेतलेली न्हाय!" आकारामराव कडाडले.

"टीप म्हंजे तशी भीकच की," शेजारचे गणपतराव चहात खारी बुडवत म्हणाले. गेली आठ वर्षं ते रोज सकाळी चौगल्यांकडंच चहा प्यायचे, चौगल्यांचाच पेपर वाचायचे आणि चौगल्यांच्याच घरात भांडण लावून उठायचे. त्यांच्याकडं कुणी पाणी प्यायलेलंही पेठेत कुणाला आठवत नव्हतं.

आता आकारामराव म्हणजे दूध संघात तीस वर्षं सुपरवायझर राहिलेला माणूस. कॅनचं झाकण उघडून नुसत्या वासावर दूध नापास करणारा. ऐकीव माहितीवर सही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि लेकीचं तोंड उतरलेलं बघणंही जमत नव्हतं. "मी सोता चौकशी करणार," ते म्हणाले, "मग बगू." लगेच वही काढून त्यांनी प्रश्न लिहिले. एक, बॅगा उचलाव्या लागतात का? दोन, बशा कोण काढतं? तीन, टीप घ्यावीच लागते का? तिसऱ्याखाली दोन रेघा मारल्या.

तेजस्वीनं हायवेकडच्या 'दख्खन दरबार' हॉटेलच्या मॅनेजरची, राजवर्धन घाटग्यांची, साडेअकराची वेळ मिळवली. आपण काही मागायला आलोय असं कुणाला वाटू नये, म्हणून आकारामरावांनी ठेवणीतला भगवा फेटा बांधला. पांढरा शर्ट, काळं जाकीट, पायात करकरत्या चपला. मिशा तर मुळातच होत्या.

घोटाळा एवढाच झाला, की दख्खन दरबारच्या दारावर जो माणूस उभा असायचा त्याचाही पोशाख हाच होता. फेटा भगवा, जाकीट काळं, मिशा अशाच. आणि तो त्या दिवशी भावाच्या साखरपुड्याला मलकापूरला गेलेला.

घाटग्यांनी तेजस्वीला आधी आत बोलावलं. आकारामराव बाहेर सोफ्यावर बसले, तर कमरेपर्यंत खाली गेले. "ह्यात बसायचं का बुडायचं?" असं पुटपुटत ते कसेबसे वर आले आणि मोकळ्या हवेला म्हणून दाराच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात एक भली मोठी बस येऊन थांबली.

बसमधून नागपूरचे निवृत्त शिक्षक उतरायला लागले. सगळ्यात पुढं एक ठेंगण्या बाई, हातात त्यांच्याएवढीच बॅग. आता आकारामराव मूळचे राधानगरीकडचे, आणि तिकडच्या घरात वाढलेल्या माणसाला एक वळण असतं. दारात माणूस आला, की आधी त्याच्या हातातलं ओझं घ्यायचं. कोण, कुठला, कशाला आला, हे सगळं नंतर. आकारामरावांचा हात आपोआप पुढं झाला.

"या, या, पावणं! वाटंत तरास न्हाय न्हवं झाला?"

"छान झाला जी प्रवास," बाई खूश होऊन म्हणाल्या आणि बॅग सोडून आत गेल्या. मागच्या सदतीस जणांनी ते बघितलं. मग काय विचारता! कुणी बॅग दिली, कुणी पिशवी दिली, एका गुरुजींनी तर काठी दिली आणि पाच पावलं गेल्यावर परत मागून घेतली.

आत काउंटरवर फरहीन नावाची मुलगी होती. दारावरच्या माणसाच्या बदली एजन्सीनं कुणाला तरी पाठवलंय, जरा वयस्कर आणि जरा आवाजी आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. ती पाहुण्यांना म्हणाली, "रूम दोन वाजता मिळतील. तोपर्यंत इथं थांबावं लागेल."

"दोन वाजता?" आकारामराव बॅगांच्या ढिगाआडून गरजले. "आत्ता बारा बी वाजल्यालं न्हाईत! पावण्यास्नी दोन तास ताटकळत ठेवतासा? आगं पोरी, ही काय तहसील कचेरी हाय?"

"काका, हॉटेल हाय. असंच असतंय."

"कोल्लापुरात असं नसतंय. आदी गूळ-पाणी आण!"

त्या आवाजात असं काही होतं की फरहीन खरंच गूळ-पाणी आणायला गेली. पाहुणे गूळ खाऊन ताजेतवाने झाले आणि त्यांना भूक लागली. तिथंच, जेवणाच्या हॉलचं दार किलकिलं होतं आणि आतून वास येत होता. दूध नापास करणारं ते नाक क्षणात ताठ झालं. आकारामरावांनी दार उघडलं. चाळीस माणसांची पानं मांडून तयार!

"काका, थांबा!" मुख्य आचारी गौसभाई झाऱ्यासकट धावत आले. "ते डॉक्टर लोकांचं हाय. एक वाजता चाळीस डॉक्टर यायचे हायत."

"डॉक्टर आल्यात का?"

"अजून न्हाई."

"पावणं आल्यात का?"

"आल्यात की."

"मग झालं तर!"

गौसभाई झारा खाली ठेवेपर्यंत आकारामरावांनी तळव्यावर पांढऱ्या रश्श्याचा थेंब घेऊन चाखला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ह्येला म्हंत्यात पांढरा! कुणाचा हात हाय हा?" गौसभाईंच्या रश्श्याला एवढ्या वर्षांत कुणी आत येऊन नावाजलं नव्हतं. त्यांनी लाजत स्वतःच झाकणं काढली.

मग आग्रह सुरू झाला. नागपूरकर म्हणाले, "पुरे जी." आकारामरावांनी वाढलं. नागपूरकर म्हणाले, "अहो बाप्पा, पुरे ना!" आकारामरावांनी आणखी वाढलं. पहिल्या दोन नकारांना कोल्हापुरात किंमत नसते, आणि तिसरा नकार द्यायला तोंड मोकळं राहत नाही. "तांबडा घेतल्याबिगर उठायचं न्हाय, गुरुजी! आमच्या घरची शप्पत हाय!" गुरुजी डोळ्यांतलं पाणी पुसत तांबडा प्यायले आणि पुन्हा वाटी पुढं केली.

एकला दहा कमी असताना, गौसभाईंपासून भाकरी करणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्या हॉटेलची माहिती घेऊन तेजस्वी घाटग्यांबरोबर केबिनमधून बाहेर आली. हॉलच्या दारातच तेजस्वी थिजली. तिचा बाप फेटा मागं सारून, बाह्या वर करून, बादली-पळी घेऊन पंगतीत फिरत होता. पातेली रिकामी होती आणि बाहेर डॉक्टरांच्या गाड्या लागत होत्या.

"आबा! हे काय केलंसा?"

घाटग्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आकारामरावांनी रिकाम्या पातेल्याकडं बघितलं, गाड्यांकडं बघितलं, लेकीच्या हातातल्या फाइलीकडं बघितलं आणि पळी बादलीत सोडून दिली. चौकशीला म्हणून आलो आणि पोरीची पार वाट लावून बसलो!

तेजस्वीनं त्यांच्याकडं एकदाच बघितलं. मग फाइल त्यांच्या हातात दिली आणि ओढणी कमरेला खोचली. "गौसभाई, नवीन रस्सा किती वेळात?"

"पाऊण तास. पन तोवर डॉक्टर काय खाणार?"

"तोवर मी बघते. भाकरी करणाऱ्या मावशींना चुलीसकट मागच्या लॉनवर पाठवा."

दहा मिनिटांत लॉनवर जांभळाच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या गेल्या, दोन चुली पेटल्या, खर्डा आणि दही आलं. डॉक्टर घड्याळं बघत उभे होते. एक जाडजूड डॉक्टर चिडून म्हणाले, "अहो, एक वाजता जेवण सांगितलं होतं!"

"चूक आमची झाली, सर," तेजस्वी सरळ म्हणाली. "तुमचं जेवण दुसऱ्या पाहुण्यांना वाढलं गेलं. आता तुमच्यासाठी परत ताजं होतंय, आणि तोवर भाकरी तुमच्यासमोर. पहिली फुगली की ती तुमची."

पहिली भाकरी टम्म फुगली. जाडजूड डॉक्टरांनी तिचा फोटो काढला, मग खर्ड्याबरोबर ती खाल्ली, मग दुसरी मागितली. बाकीच्यांनी बुक्कीनं कांदे फोडायची पैज लावली. रस्सा आला तेव्हा कुणाला तो उशिरा आल्याचं आठवतही नव्हतं.

खांबाआड उभे राहून आकारामराव हे सगळं बघत होते. 'चूक आमची झाली,' म्हणाली. बापाकडं बोट दाखवलं नाही, आवाज चढवला नाही, आणि चाळीस डॉक्टर पोरांसारखे हात धुवायला लावून बसवले. त्यांची छाती अशी भरून आली, की जाकिटाचं वरचं बटण काढावं लागलं.

"काय पोरगी आहे हो!" घाटगे शेजारी येऊन म्हणाले.

"माझी लेक हाय!" हे इतक्या मोठ्यानं झालं, की लॉनवरच्या डॉक्टरांनी माना वळवल्या.

"आणि तुम्ही इथं कशाला आलात?"

"मी चौकशीला आलोय," आकारामराव म्हणाले.

सरकारी चौकशी समजून घाटगे आधी घाबरले. आकारामरावांनी पुढं केलेल्या वहीतले तीन प्रश्न वाचल्यावर मात्र भिंतीला टेकून हसले. "खरं तर तुमच्यावर भडकायचं होतं, काका. पण त्या बसवाल्यांनी दोन दिवसांचा मुक्काम चार दिवसांचा केलाय. पोरीला शिकू द्या. सुट्टीत इथंच पाठवा कामाला."

तेवढ्यात मगाचच्या ठेंगण्या बाई आल्या. त्यांनी आकारामरावांच्या तळव्यावर पन्नासची नोट ठेवली आणि वरून मूठ मिटली. "भाऊ, माहेरी आल्यासारखं वाटलं जी. ठेवा."

तेजस्वीनं डोळे गच्च मिटले. आता स्फोट होणार! आकारामरावांच्या मिशा थरथरल्याही. पण तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचं दूध नापास केलं होतं. त्यांना स्वतःला असं कुणी पास केलं नव्हतं. त्यांनी नोट कपाळाला लावली आणि फेट्याच्या घडीत खोचली.

परत जाताना त्यांनी रस्त्याकडेला स्कूटर थांबवली. "फॉर्म काढ," म्हणाले आणि सीटवर ठेवून ऐटीत सही ठोकली.

"आबा, प्रश्न विचारायचे ऱ्हायले की."

"विचारायचं कशाला? करूनच आलो की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्वी फॉर्म भरायला गेली होती. गणपतराव नेहमीच्या वेळी आले. "काय आकाराम, पोरगी बशा काढणार म्हणं?"

"या, पावणं!" आकारामरावांनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली, खुर्ची दिली, पाणी दिलं, पेपर उलगडून दिला. चहाबरोबर गरम पोहे आणले, नको नको म्हणताना दुसऱ्यांदा वाढले आणि बशी स्वतः उचलून नेली. आठ वर्षांत एवढा मान कधी न मिळालेले गणपतराव तृप्त होऊन उठले, तर आकारामराव पिशवी घेऊन दारात उभे. त्यांनी पिशवी अदबीनं परत दिली आणि दुसरा हात तसाच पुढं ठेवला.

"काय?" गणपतरावांनी विचारलं.

"टीप."