लोड होतंय, कुणी हलू नका

कॉम्प्युटरमधलं मला कळतं, हे मी स्वतःहून कधी सांगत नाही. आमच्या ऑफिसात सगळेच तसं समजतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला की साहेबसुद्धा मलाच हाक मारतात. मग मी बाह्या सरसावतो, प्रिंटर बंद करतो, पुन्हा चालू करतो आणि परत येता येता म्हणतो, "आमच्या घरी तेव्हापासून कॉम्प्युटर आहे, जेव्हा गल्लीत कुणाकडे फोनसुद्धा नव्हता."

हे मात्र खरं आहे. बाबांनी तो कुठूनसा आणला होता. पाटीएवढा, काळा, रबरी बटणांचा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, तो टीव्हीला जोडायचा. आणि गेम असायचा कॅसेटवर. गाण्याची कॅसेट असते ना, तीच. टेपरेकॉर्डरला लावायची, बटण दाबायचं, की त्यातून पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज यायचा आणि त्या आवाजातून गेम कॉम्प्युटरमध्ये उतरायचा. उतरताना चांगला घटकाभर लागे. तेवढ्या वेळात घरात कुणी हलायचं नाही, असा बाबांचा दंडक होता. जमीन हादरली की लोडिंग बिघडतं, असं ते म्हणायचे. आई चहाचा कप घेऊन उंबऱ्यातच पुतळ्यासारखी उभी राहायची. मी आणि ताई मांडी घालून, श्वास रोखून. मग पडद्यावर एक चौकोनी माणूस यायचा. तो विहिरीतून शिडीने वर चढायचा आणि वरून त्याच्या डोक्यात दगड पडायचे. एवढाच गेम. पण त्यासाठी आम्ही जेवणं सोडली आहेत.

तर गेल्या महिन्यात बाबा दवाखान्यात होते. बरे होऊन घरी आले, पण ताई पडली लांब राहणारी. रोज फोन.

"बाबा कसे आहेत?"

"ठणठणीत."

"खरं सांग."

"अगं, खरंच ठणठणीत."

"तू ठणठणीत म्हणालास की मला जास्त काळजी वाटते."

शेवटी तिने रविवारी येते म्हणून कळवलं आणि माझ्या डोक्यात कल्पना आली. ताई दारात पाऊल टाकेल आणि समोर तोच कॉम्प्युटर, तोच गेम, खुर्चीत तेच बाबा. बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "त्यापेक्षा ताईंना स्टेशनवर आणायला जा."

बायकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, असं मी मनात म्हणालो. मोठ्याने म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

रविवारी सकाळीच माळ्यावरून टेपरेकॉर्डर, कॅसेट आणि कॉम्प्युटर काढला. फडक्याने पुसला, वायर लावली आणि त्याचा लाल दिवा लागला. बाबा खुर्चीतून म्हणाले, "बघ, मेला नाही अजून." पण अडचण वेगळीच निघाली. आमच्या भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला त्याची वायर लागेना. त्याला हवा होता जुना, पाठीला पोक असलेला टीव्ही. आणि तसा टीव्ही आख्ख्या भागात एकाच ठिकाणी होता. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये.

सलूनवाला म्हणाला, "टीव्ही न्या हो, पण आज मॅच आहे. माझी गिऱ्हाइकं दाढीला कमी आणि मॅचला जास्त येतात."

"घटकाभराचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"मग मी बरोबर येतो. तुम्ही पाडलात तर?"

तो टीव्ही दोघांनी उचलून आणला. दोघांनी म्हणजे सलूनवाल्याने आणि त्याच्या गिऱ्हाइकाने. मी पुढे चालत रस्ता मोकळा करत होतो. गिऱ्हाइकाची एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्या गालावर साबण तसाच होता. त्याला एकट्याला दुकानात ठेवून येणं सलूनवाल्याला बरं वाटलं नाही.

टीव्ही आत आणायला दार सताड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. सलूनवाल्याचं लक्ष बाबांच्या डोक्याकडे गेलं. "आलोच आहे तर केस कापून टाकतो," असं म्हणून त्याने बाबांना गळ्यापासून पायापर्यंत पांढरी चादर गुंडाळली.

मी कॅसेट लावली. पत्र्यावर पत्रा घासायला लागला. बाबा म्हणाले, "हा आवाज पूर्वी इतका वाईट नव्हता," आणि त्यांनी सलूनवाल्याकडून कापूस मागून कानात दोन मोठे बोळे घातले. तेवढ्यात लोडिंग बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद पडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी बोलणं भाग होतं.

"मोबाइल," मी ऑफिसातल्या आवाजात म्हणालो. "मोबाइलमुळे सिग्नल बिघडतोय."

सगळ्यांचे मोबाइल बंद करून मी स्वयंपाकघरात एका डब्यात ठेवले. बायको माझ्याकडे एकदा बघून चहा करायला गेली.

तिसऱ्यांदा मात्र पडद्यावर रंगीत पट्टे सरकायला लागले. लोड होत होतं. "आता कुणी हलू नका," मी म्हणालो. सलूनवाल्याची कात्री हवेत थांबली. गिऱ्हाईक सोफ्यावर साबणासकट ताठ बसलं. वरच्या मजल्यावरच्या काकू आवाजाची तक्रार करायला आल्या होत्या. त्यांना मी ओठांवर बोट ठेवून खूण केली, तशा त्याही खाली मान घालून खुर्चीत बसल्या. बायको चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आणि बाबांना, केस कापताना कुणालाही लागते तशी, गाढ झोप लागली.

नेमकी तेव्हा ताई आली.

स्टेशनवरून तिने सगळ्यांना फोन केले होते. एकही लागला नव्हता. ती जिने धावत चढून आली, तर दार उघडं. आत शेजारीपाजारी जमलेले, कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही. आणि मधोमध बाबा. पांढरी चादर, कानात कापूस, डोळे मिटलेले.

माझी पाठ दाराकडे होती. मला फक्त बॅग पडल्याचा आवाज आला. मी मागे न बघताच हात वर केला. "ताई, आवाज करू नकोस. आता आपल्या हातात काही नाही."

"कधी?" तिने विचारलं.

"आत्ताच, थोड्या वेळापूर्वी. तू येईपर्यंत थांबणार होतो गं. पण ही मंडळी जमली, मग म्हटलं उरकून घेऊ."

"आणि मला फोन नाही केलास?"

"फोन सगळ्यांचेच बंद करून ठेवलेत. उगाच मध्ये अडथळा नको."

यानंतर ताईने जो हंबरडा फोडला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. तिने बाबांच्या पायांवर अंग टाकलं. ट्रे पडला, कात्री पडली. बाबा दचकून जागे झाले आणि कानातल्या बोळ्यांमुळे मोठ्याने ओरडले, "कोण हललं?"

ताईने वर बघितलं. बाबांच्या एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे उभे. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली, माझ्याकडे आली आणि लहानपणी घालायची तसा पाठीत एक गुद्दा घातला. मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी म्हणालो, "सांगितलं होतं ना, ठणठणीत आहेत." त्यावर दुसरा गुद्दा बसला.

"रडते कशाला ही?" बाबांनी कापूस काढत विचारलं.

"तुम्ही गेलात असं वाटलं त्यांना," बायको कपाचे तुकडे गोळा करता करता म्हणाली.

बाबांनी ताईला जवळ बोलावलं. चादरीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. थोड्या वेळाने मला म्हणाले, "कॅसेट मागे घे. पहिल्यापासून लाव."

या वेळी शिस्त राहिली नाही. ताई बाबांच्या खुर्चीला टेकून खाली बसली आणि दवाखान्यातलं सगळं खोदून खोदून विचारू लागली. बायको फरशी पुसत होती. सलूनवाला बाबांची उरलेली बाजू कापत होता. मी "हलू नका, हलू नका" म्हणत होतो, पण ऐकतो कोण. आणि तरीही गेम व्यवस्थित लोड झाला.

"असं कसं झालं?" मी बाबांना विचारलं. "सगळे हलत होते."

"हलण्याचा काय संबंध?" बाबा म्हणाले. "तुम्ही दोघं एरवी एका जागी बसत नव्हतात, म्हणून सांगायचो."

ताई एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

पहिला डाव बाबांचा. मग ताईचा. मग गिऱ्हाइकाने साबण पुसून डाव घेतला आणि चौकोनी माणसाला थेट विहिरीबाहेर काढलं. आम्हाला दोघांना लहानपणी ते कधीच जमलं नव्हतं. मग सलूनवाला म्हणाला, मॅच गेली खड्ड्यात, मीही खेळतो. मग बायको.

"आता मी," मी म्हणालो.

"तुम्ही थांबा जरा," वरच्या काकू खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "माझा नंबर आहे."