शालीत अडकलेली सलामी

"आज टीव्हीसमोरून हलू नकोस! डोळ्यांचं पारणं फिटेल तुझ्या!" आरशासमोर छाती फुगवत कॅप्टन बायकोला म्हणाला.

"मागेच तर उभं राहायचंय तुला," बायको म्हणाली.

"मागे, पण कुणाच्या?"

मुद्दा बिनतोड होता! कॅप्टन राष्ट्राध्यक्षबाईंचा नवा एडीसी होता, म्हणजे त्यांच्या मागे सावलीसारखा वावरणारा लष्करी अधिकारी. बाईंचा चष्मा कुठे, भाषण कुठे, पुढची पायरी कुठे, सगळं त्याच्या डोक्यात. या पदाची खूण म्हणजे उजव्या खांद्यावरून छातीवर रुळणारी जाडजूड सोनेरी दोरी. तिच्या टोकाची पितळी सुई त्याने इतकी घासली होती की तिच्यात बघून दाढी करता आली असती!

पाहुणे म्हणून येत होते शेजारच्या देशाचे अध्यक्ष. दोन्ही देशांची भाषा एकच, त्यामुळे भांडताना दुभाष्याची कधी अडचण पडली नव्हती. आता कुठे करार जमत आला होता, तर घोडं पेंड खाऊ लागलं ते झेंड्यापाशी. कुणी कुणाच्या झेंड्याला आधी सलाम करायचा? शेवटी तोडगा निघाला, दोन्ही अध्यक्षांनी हात खालीच ठेवायचे. सलाम फक्त गणवेशातल्यांनी करायचा.

"चुकीचा हात वर गेला, तर करार खड्ड्यात जाईल," लष्करी सचिव असलेल्या ब्रिगेडियरांनी सगळ्यांना बजावलं. "आणि हात वर करणाऱ्याला मी स्वतः त्याच खड्ड्यात ढकलीन!"

गाडी आली. पाहुणे अध्यक्ष पट्टी गिळल्यासारखे ताठ उतरले. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या आई उतरू लागल्या. मूठभर देहाच्या आजीबाई, अंगावर घरी विणलेली करडी लोकरी शाल. कॅप्टनने अदबीने वाकून हात दिला, त्यांना उतरवलं, झोकात ताठ झाला आणि...

सर्रर्र!

पितळी सुई शालीच्या टाक्यात अडकली होती. त्याच्या ताठ होण्यापायी शालीची अर्धी ओळ उसवली होती!

"आजी, हलू नका," तो ओठ न हलवता पुटपुटला. "मी तुमच्या शालीत अडकलोय."

"अगंबाई! आमचे हेही पहिल्या भेटीत असंच म्हणाले होते!"

"आजी, माझी नोकरी जाईल हो!"

"आणि माझी शाल? हिवाळाभर विणलीय मी. ओढशील तर याद राख! चल, मी येते तुझ्याबरोबर."

झालं! बाईंच्या मागे जायचं सोडून कॅप्टन आजीबाईंना चिकटून लाल गालिच्यावरून चालू लागला. ब्रिगेडियरांनी डोळे असे वटारले की ते बाहेर पडून गालिच्यावर घरंगळतील असं वाटलं.

"कॅप्टन! जागेवर!" ते दातांतून फिसकारले.

"सर, शालच मला सोडत नाहीये!"

तेवढ्यात यजमान देशाचा झेंडा वर चढू लागला. बँड वाजला. आता सलाम! हात वर न्यावा तर शाल जाते, न न्यावा तर नोकरी.

"कर की सलाम," आजीबाई कुजबुजल्या. "मी शाल वर धरते."

कॅप्टनचा हात कपाळाशी गेला. त्याच क्षणी शालीची कड मुठीत धरून आजीबाईंचा हातही वर गेला. डावा का होईना, पण थेट कपाळापर्यंत!

मैदान अवाक् झालं. शेजारच्या अध्यक्षांची आई आपल्या झेंड्याला सलाम करतेय! मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बँडवाल्यांचे सूर त्यात वाहून गेले.

राष्ट्राध्यक्षबाईंचे डोळे पाणावले. पाहुण्यांचा झेंडा चढू लागताच सगळे ठराव विसरून त्यांचा हात आपोआप कपाळाला लागला. हात खाली राहिले होते ते फक्त पाहुण्या अध्यक्षांचे.

"आई, हे काय चाललंय?" ते कळवळून म्हणाले.

"बघतोस काय नुसता? त्या बाई तुझ्या झेंड्याला मान देतायत आणि तू खांबासारखा उभा! कर हात वर!"

अध्यक्षांनी मुकाट्याने हात वर केला. सैन्याचे सरसेनापती झाले म्हणून काय झालं, आईपुढे शिपाईच!

पुढे सगळंच सोपं झालं. दोन्ही अध्यक्ष हसत-बोलत करारावर सह्या करायला आत गेले. ब्रिगेडियर कात्री घेऊन धावले.

"खबरदार!" आजीबाई गरजल्या. "लोकर कापलीस तर युद्ध होईल!"

ब्रिगेडियरांनी कात्री पाठीमागे लपवली. आजीबाईंनी अलगद टाका सोडवला, पिशवीतून सुया काढल्या आणि उसवलेली लोकर कॅप्टनच्या दोन्ही हातांवर गुंडाळली. पूर्ण गणवेशात, सोनेरी दोरीसकट, कॅप्टन ती धरून बसला. सह्या होऊन बाहेर आलेल्या राष्ट्राध्यक्षबाईंनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. "शाबास, कॅप्टन!" आणि ब्रिगेडियर पत्रकारांना सांगत सुटले, "सगळं आमच्या योजनेप्रमाणेच झालं!"

कॅप्टन घरी परतला तो तरंगतच. दोन देशांत समेट घडवणारा माणूस! आता दारात कौतुक होणार, बायको हसणार...

बायको दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"पाहिलंस?" त्याने मान उंचावून विचारलं.

"पाहिलं ना! त्या आजींची लोकर धरून तासभर बसलास. आणि मी परवा नुसती लोकरीची लड धर म्हटलं, तर म्हणे खांदा दुखतो!"