कापूरवाडीचा खुनी

मुखरू रामटेके यांनी एखादी कादंबरी वाचली, तर ते लिहिणाऱ्याचं भाग्य, असं खुद्द मुखरूंचंच मत होतं. आणि तलाठीपदावरून निवृत्त झाल्यापासून मतांचा साठा त्यांच्याकडे भरपूर होता!

चौऱ्याऐंशी साल. कुरखेड्याकडच्या त्यांच्या गावात वाचनालयाचा वर्धापनदिन ठरला. नागपूरहून लेखिका वझलवारबाई येणार होत्या. त्यांच्या ‘कापूरवाडीचं चेटूक’ या कादंबरीवर जो सगळ्यांत चांगला अभिप्राय देईल, त्याला बाईंच्या हस्ते शाल आणि ‘उत्कृष्ट वाचक’ हा किताब!

“शाल आपलीच,” मुखरूंनी बायकोला, सुगंधाबाईंना, सांगून टाकलं. “एक खुंटी मोकळी करून ठेव.”

“काऊन जी? शाल आंगावर घेतेत का खुंटीवर टांगतेत?”

“अशी शाल टांगतेत! लोकं पाहाले येतेत!”

आणि मुखरू खाटेवर कादंबरी घेऊन बसले. कादंबरीही मोठी न्यारी! कापूरवाडीत तमालिका नावाच्या चेटकिणीचं लोणच्याचं दुकान. घुबडांचा इलाज करणाऱ्या एका लाजाळू वैद्यावर तिचा जीव. एके सकाळी राजाचा प्रधान लिंबाची फोड तोंडात धरून मेलेला सापडतो आणि आळ येतो लोणच्यावर! मुखरूंच्या चहावर म्हशीच्या पाठीएवढी जाड साय धरली, पण मान वर झाली नाही. शेवटी तमालिका भर दरबारात म्हणते, “खुनी आपल्यातच आहे! आपला खरा शत्रू म्हणजे—”

मुखरूंनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं.

“खोडकिडा होय. हा बाहेरून दिसत नाही. आत शिरून पोखरतो.”

मुखरू ताडकन उभे राहिले. “वा रे बाई! सेनापतीवर संशय घेतला, राणीवर घेतला, पण याच्याकडं ध्यानच गेलं नाई!”

वर्धापनदिनाला मंडप गच्च भरला. धान लोंबीवर आलेलं, त्यामुळे शेतकरी मंडळी मोकळीच होती. मुखरूंनी माइक असा धरला, जणू तो सात-बाऱ्यावर त्यांच्याच नावानं चढला होता.

“मंडळी! या कादंबरीत प्रेम आहे, पण चावट नाही. खून उघड होताच तमालिका वैद्याचं नावसुद्धा घेत नाही. ती सरळ एकरी युरियाच्या मात्रेकडे वळते. याला म्हणतात त्याग! पुढची चाळीस पानं नुसता पाण्याचा निचरा! विरहाचं इतकं संयमी वर्णन मी आजवर वाचलेलं नाही!”

टाळ्या कडाडल्या. बाईंना पाणी पिता पिता ठसका लागला.

“आणि खुनी कोण? तर खोडकिडा! कोणाच्या ध्यानीमनी तरी होतं?”

“थांबा!” बाई उठल्या. “खुनी दरबारातला राजवैद्य आहे! खोडकिडा कुठून आला?”

“बाई,” मुखरू अत्यंत नम्रपणे म्हणाले, “तुम्ही कादंबरी लिहिली असेल. मी ती वाचली आहे!”

मंडप मुखरूंच्या बाजूनं पेटला. “बराबर हाय! माह्या धानाच्या दोन बांध्या त्यानंच खाल्ल्या!” “राजवैद्य कायले मारन जी प्रधानाले?”

बाईंनी पुस्तक मागून घेतलं, मधोमध उघडलं आणि ग्रंथपाल नथ्थूभाऊंपुढे धरलं. नथ्थूभाऊंनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“दोन पुस्तकं एकाच दिवशी बाइंडिंगले देल्ली होती जी,” ते पुटपुटले. “एक हे. दुसरं ‘भातावरील किडी’. बाइंडरनं याच्या अर्ध्याले त्याचं अर्धं शिवलं, दिसते.”

तेवढ्यात मागून इसरू कास्तकार उभा राहिला. चेहरा पडलेला.

“मंग त्या किडीच्या पुस्तकाचं मागचं अर्धं...”

“माझ्या कादंबरीचं!” बाई म्हणाल्या.

“अरे देवा! त्याच्यात लिवलं होतं, पुनवेच्या राती कापराचं पाणी शिंपडत फिरा अन् मनातल्या मानसाचं नाव घ्या. मले वाटलं, सरकारी औषद हाय. म्या पुऱ्या बांधीभर फिरलो, बायकोचं नाव घेत. ते रुसून ब्रह्मपुरीले गेली होती.”

“मग? कीड गेली?” बाईंनी खुर्चीच्या काठावर येऊन विचारलं.

“कीड नाई गेली जी. पन बायको आली!”

मंडप असा हसला की माइकची बॅटरी बसली. बाई मात्र हसल्या नाहीत. डोळे पुसत त्या उठल्या आणि शाल त्यांनी इसरूच्या खांद्यावर घातली! “माझ्या लिखाणावर इतका विश्वास कोणीच ठेवला नव्हता,” म्हणाल्या.

मुखरूंनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी थांबवल्या, पण वाजवल्या. मान मात्र ताठच ठेवली. अभिप्राय चुकला नव्हता, पुस्तक चुकलं होतं!

घरी सुगंधाबाईंनी त्यांचे मोकळे खांदे पाहिले आणि शहाण्या बाईसारखा विषय बदलला.

“आपल्या बांधीवर जाऊन आली मी. लोंब्या पांढऱ्याफटक पडून राह्यल्या. अंदरून कोनीतरी पोखरून राह्यलं. काय लागलं असन जी?”

मुखरूंनी मोकळ्या खुंटीवर आपली टोपी टांगली.

“राजवैद्य!” ते म्हणाले.