समुद्र तिकडे, म्हणजे पश्चिम

वारा कुठून येतो हे गुहागरच्या माणसाला शिकवायचं नसतं, असं उमाकांत वेलणकर आठवडाभर सगळ्यांना ऐकवत होता. सगळे म्हणजे तिघं: बायको विद्युलता, आठ वर्षांची मुलगी शर्मिष्ठा आणि शेजारच्या फ्लॅटमधले वेंकोबाराव. पैकी मन लावून ऐकायचे ते फक्त वेंकोबाराव. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात तंजावरला आले ते तिकडचेच झाले, आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये मराठीत बोलायला त्यांना कुणी उरलं नव्हतं. जूनमध्ये उमाकांत बदली होऊन शेजारी राहायला आला, तेव्हापासून तो जे बोलेल त्याला त्यांची मान डोलायची. मराठी कानावर पडतंय ना, मग अर्थाची फार चिकित्सा ते करत नसत.

विषय होता आतषबाजीचा. सिरुसेरीच्या पुढे एक थीम पार्क आहे. पोंगलच्या सुट्टीत तिथे संध्याकाळी तळ्याच्या मधोमध फटाके उडवणार होते. आणि शर्मिष्ठाला दमा होता.

दिवाळीत सगळी कॉलनी गच्चीवर होती तेव्हा ही पोरगी बंद खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसली होती. फटींत ओले टॉवेल कोंबलेले. काचेतून दिसत होती ती फक्त समोरच्या इमारतीची भिंत, मधूनच हिरवी होणारी, मधूनच लाल. उमाकांतने जवळ जाऊन विचारलं, "दिसतंय का गं काही?" तर म्हणाली, "नाही. पण बाबा, आवाज तर सगळा येतोय." त्या एका वाक्याने उमाकांतची दिवाळी तिथेच संपली होती.

आता मात्र पावसाळ्यानंतर तिची छाती एकदाही भरली नव्हती. डॉक्टर अंबुजांनी तपासून सांगितलं, "न्या तिला. आधी पंप द्या, मास्क लावा, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं करा, म्हणजे धूर पलीकडे जाईल. खोकला सुरू झाला तर थांबू नका, बाहेर काढा."

विद्युलताने यात स्वतःची एक अट घातली. "त्रास झाला तर हा विषय कायमचा बंद. तूही काढायचा नाहीस आणि तीही नाही."

म्हणजे जे काय होतं ते या एका संध्याकाळवर होतं. उमाकांतने कंबर कसली.

आधी त्याने घरात रंगीत तालीम घेतली. टेबलफॅन म्हणजे वारा, कुकरची वाफ म्हणजे धूर. शर्मिष्ठाला पंख्याच्या मागे उभं केलं, स्वतः कुकरची शिटी वर उचलून धरली. वाफ सरळ जाऊन दाराशी उभ्या असलेल्या वेंकोबारावांच्या चष्म्यावर बसली.

"बघितलंत? शमीला काही नाही, सगळं तुम्हाला," उमाकांत आनंदाने म्हणाला.

"होय की, बरोबर," चष्मा पुसत वेंकोबाराव म्हणाले. "सांबार वाटतें."

विद्युलताने शिटी काढून घेतली आणि डाळ करपल्याचं दोनच शब्दांत सांगितलं.

ठरल्या दिवशी चौघं दुपारीच पार्कमध्ये पोचले. वेंकोबारावांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते दही-भाताचा डबा घेऊन गाडीत बसूनच होते. डबा गेटवर ठेवून घेतला गेला, वेंकोबाराव आत सोडले गेले. पहिल्याच तासात उमाकांतने मोठ्या पाळण्यात बसून जागेची पाहणी केली. पाळणा वर गेला तशी एका अंगाला, झाडांच्या पलीकडे, समुद्राची निळी रेघ दिसली.

"तो बघ समुद्र," तो शर्मिष्ठाला म्हणाला. "समुद्र तिकडे, म्हणजे ती पश्चिम. मग ही आपल्या मागची पूर्व. आता फोन काय म्हणतो? वारा पूर्वेकडून, संध्याकाळी वाढेल. म्हणजे आपण बसायचं कुठे?"

"पूर्वेला," शर्मिष्ठा म्हणाली.

"शाब्बास. समुद्राकडे तोंड करून, तळ्याच्या अलीकडे."

आता यात चूक काय आहे ते तुम्हाला कळलं असेल. उमाकांतला कळायला हवं होतं. पण त्याचं बालपण गुहागरला गेलं होतं. तिथे अंगणातून समुद्र दिसतो, रोज संध्याकाळी सूर्य त्यात बुडतो, आणि समुद्र असतो ती पश्चिम, हे पोराला बाराखडीच्या आधी कळतं. चेन्नईचा समुद्र पूर्वेला आहे हे त्याला कुणी परीक्षेत विचारलं असतं तर त्याने बरोबर लिहिलं असतं. पाळण्यात त्याला कुणी विचारलंच नाही.

खाली आल्यावर त्याने खात्री करायला खिशातला रुमाल काढून उंच धरला. दुपारचा वारा पडला होता. रुमाल शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा मान खाली घालून लटकला. "संध्याकाळी वाढेल," उमाकांत म्हणाला आणि तळ्याकाठी खुर्च्या धरून बसला. मधूनमधून उठायचा, रुमाल धरायचा, फोन बघायचा, आभाळ बघायचा. आभाळ सकाळपासून ढगांनी भरलेलं होतं.

हे सगळं बघून शेजारच्या एका बाईंनी वेंकोबारावांना विचारलं, हे सार, म्हणजे साहेब, कोण?

"सेंट्रल गव्हर्नमेंट," वेंकोबाराव अभिमानाने म्हणाले.

उमाकांत संरक्षण खात्याच्या कारखान्यात हिशेब बघत होता, तेव्हा उत्तर खरंच होतं. पण सेंट्रल गव्हर्नमेंट आणि हातात रुमाल, यातून बाईंनी जो अर्थ काढायचा तो काढला. थोड्याच वेळात मागून एक गृहस्थ वाकून म्हणाले, "सार, काट्रु एंद पक्कम?" वारा कुठल्या बाजूने, एवढं तमिळ उमाकांतला कळत होतं. त्याने पाठीमागे बोट दाखवलं आणि इंग्रजीत सांगितलं, "हिअर, नो स्मोक. व्हेरी सेफ."

मग काय विचारता. तान्ही मुलं आली, आजोबा आले, पलीकडच्या काठावर चांगल्या जागा धरून बसलेली कुटुंबंच्या कुटुंबं खुर्च्या उचलून इकडे आली. हवामान खात्याच्या सारांनी सांगितलंय! वेंकोबाराव सगळ्यांना बसवून घेत होते. उमाकांतला कुणीतरी उकडलेल्या चण्यांचं सुंडल आणून दिलं. ते खाताना त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आपण मोठ्या पदावर असल्यासारखं वाटलं.

"एवढी माणसं कशाला गोळा केलीस?" विद्युलताने विचारलं.

"मी नाही केली. चांगली गोष्ट लोकांपर्यंत पोचतेच."

शर्मिष्ठाने मास्क लावला होता, पंप घेऊन झाला होता, आणि ती खुर्चीवर गुडघे टेकून उलटी बसून मागे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "पूर्वेला सूर्य आहे."

"असेल."

"मावळतोय."

"पार्कचा दिवा असेल गं, पिवळा."

"लाल आहे. आणि खाली चाललाय."

उमाकांत वळला. दिवसभर दडी मारलेला सूर्य ढगाच्या फटीतून बाहेर आला होता आणि उमाकांतने शोधून काढलेल्या पूर्वेला, उसाच्या रसाच्या दुकानामागे, सावकाश बुडत होता. त्याच वेळी समोरून, समुद्राकडून, गार वाऱ्याची पहिली झुळूक आली. उमाकांतच्या तोंडावर आली. तळ्यावरून.

पोरीला आपणच धुराच्या तोंडात आणून बसवलं, आपल्याच हाताने, आठवडाभर अभ्यास करून. "ऊठ," तो विद्युलताला म्हणाला. "पलीकडे जायचं. आत्ता. मी चुकलो."

विद्युलताने पर्स आणि पंप उचलला. अशा वेळी ती भांडत नसे. भांडण ती नंतरसाठी राखून ठेवायची.

पलीकडे जायला तळ्यावर एक छोटा पूल होता आणि पुलावर दोरी बांधून एक वॉचमन उभा होता. शो सुरू व्हायची वेळ झाली, पूल बंद. उमाकांतने त्याला हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, हातवारे करून दम लागल्याचा अभिनय केला. वॉचमनने त्याला पाण्याची बाटली दिली.

तेवढ्यात शर्मिष्ठा पुढे झाली. शाळेतल्या मैत्रिणींत सहा महिन्यांत पोरीचं तमिळ असं पिकलं होतं की बापाला पत्ताच नव्हता. "अण्णा, एनक्कु आस्तमा," ती शांतपणे म्हणाली. "पुगै ओत्तुक्कादु." मला दमा आहे, धूर सोसत नाही. मग तिने आईच्या हातातला पंप त्याला दाखवला.

वॉचमनने लगेच दोरी वर केली. शर्मिष्ठा गेली, विद्युलता गेली. उमाकांतच्या छातीसमोर दोरी खाली आली. "पेशंट. कूड ओरु आळ मट्टुम," वॉचमन म्हणाला. पेशंटबरोबर एकच माणूस.

पुलावरून दोघी पळत गेल्या. उमाकांत मागे वळला तर शंभर डोळे त्याच्याकडे बघत होते.

पळून जायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला तसं जावंसंही वाटलं नाही. तान्ही मुलं त्याच्या शब्दावर इथे आली होती. त्याने वेंकोबारावांचा हात धरला. "सगळ्यांना सांगा, मी चुकलो. धूर इकडेच येणार. मागे सरका, मुलांना मास्क लावा."

वेंकोबारावांनी खणखणीत तमिळमध्ये सांगितलं. कुणी हललं नाही. सुंडल देणारे गृहस्थ काहीतरी म्हणाले आणि चारजण हसले.

"काय म्हणतात?"

वेंकोबाराव जरा संकोचले. "म्हणतात, साहेबांचीं मोठीं माणसें येणार असतील. म्हणोन आम्हांस उठवतात."

खोटं सांगितलं तेव्हा सुंडल मिळालं होतं. आता खरं सांगतोय तर ही गत. दुसरा पर्यायच नाही म्हटल्यावर उमाकांतने बॅगेतले जादाचे मास्क काढले आणि मुलांच्या आयांना वाटत सुटला. शेवटचा मास्क एका आजोबांना दिला आणि पहिला बाण आभाळात गेला.

तो दिसला. दुसराही दिसला. मग वारा त्याला सांगितलेल्या कामाला लागला आणि धुराचा जाड पडदा तळ्यावरून चालत येऊन तळ्याच्या अलीकडच्या सगळ्या लोकांवर बसला. लोक खुर्च्या घेऊन पळाले. जाताना काहीजण उमाकांतकडे बघून जे बोलले त्याचं भाषांतर वेंकोबारावांनी केलं नाही.

फोन वाजला. विद्युलताचा होता, पण आवाज शर्मिष्ठाचा.

"बाबा! बघतोयस ना? ते निळं बघ, छत्रीसारखं! आता त्यातून सोनेरी पडतंय. पडतच राहिलंय. बाबा, एवढं मोठं असतं?"

"छाती कशी आहे, शमी?"

"आईने कान लावून बघितला. काहीच वाजत नाही. मी मास्कमधून ओरडतेय. इथे धूरच नाही. तुला दिसतंय ना सगळं?"

उमाकांतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, निम्मं धुराचं. समोर करडा पडदा होता, मधूनच हिरवा होणारा, मधूनच लाल. शेजारी वेंकोबाराव उपरण्यात तोंड खुपसून खोकत होते.

"नाही दिसत," तो म्हणाला. "पण आवाज तर सगळा येतोय."

शर्मिष्ठा म्हणाली, "थांब, मी सांगते तुला." आणि शेवटच्या बाणापर्यंत तिने त्याला एकेक रंग सांगितला.

गेटवर भेट झाली तेव्हा दही-भाताचा डबा वेंकोबारावांना परत मिळाला होता आणि उमाकांतला खोकल्याची उबळ थांबत नव्हती. शर्मिष्ठाने त्याला कट्ट्यावर बसवलं. "खांदे खाली सोड. नाकातून घे. ओठ मिटल्यासारखे कर आणि हळू सोड. घाई करू नकोस." तिचा हात त्याच्या पाठीवर होता. तो निमूट श्वास घेत राहिला. हे तिला कुणी किती वेळा शिकवलं असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि गेला.

विद्युलता उभी राहून बघत होती. राखून ठेवलेलं भांडण आता बाहेर येणार म्हणून त्याने मान खाली घातली.

"पुढची दिवाळी," ती म्हणाली, "गच्चीवर. वारा चांगला असेल तर."

उमाकांतचा चेहरा असा उजळला की सगळा खोकला विसरून तो ताठ बसला. "वाऱ्याचं मी बघतो. आपली गच्ची समुद्रापासून..."

"नको," दोघी एकदम म्हणाल्या.

"होय की," वेंकोबाराव चष्मा पुसत म्हणाले, "नको." सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांची मान उमाकांतच्या बोलण्याला आडवी हलली.